नववी ओळ

चावडीच्या भिंतीत एक संगमरवर आहे, दीड हात लांब.
त्यावर इंग्रजीत:
या गावातून त्रेसष्ट माणसं मोठ्या लढाईला गेली,
त्यातल्या नऊ जणांनी प्राण दिले.
आकडे आहेत. नावं नाहीत.

वडील पंचायतीचे शिपाई होते, त्यांच्या जागी मी लागले.
चार्जच्या कागदावर लिहिलं होतं:
किल्ल्या चार, हलगी एक, खुर्च्या अकरा, दगड एक.
तेव्हापासून झेंड्याच्या आदल्या दिवशी, वर्षातून दोनदा,
अक्षरांतला मळ मी बाभळीच्या काट्यानं काढते.
वडील लिंबू चोळायचे.
पाथरवट धोत्रे म्हणाले, लिंबू दगड खातं, रिठा वापर.
मग रिठा.
एका निवडणुकीत कुणीतरी त्याला ऑइलपेंट फासला होता,
तो खरवडायला मला पावसाळा पुरला नाही.

पोरगं रानातून उशिरा आलं की आया अजून विचारतात,
बसऱ्याला गेला होतास का रे?
पोरांना वाटतं, बसरा कोरेगावच्या पलीकडे कुठंतरी.

निवृत्त सुभेदार रंगराव फडतरे नावं शोधायला निघाले,
गुडघे बांधून, दोनशे पानी वही घेऊन.
साताऱ्याच्या सैनिक कार्यालयात सात खेपा घातल्या.
सातव्या खेपेला कागद मिळाला:
सदर नोंद आढळून येत नाही.
मग ते घरोघर देव्हाऱ्यांपुढे बसले.
चिंचेनं घासघासून झिजलेले टाक,
घोड्यावर बसलेला बाप्या, नाक गेलेलं, हातातली तलवार गेलेली,
आणि घरची म्हातारी सांगायची,
हा आमचा धोंडी, फ्रान्सात पडला.
हा गणू, कूतला उपाशी.
एक तर लढलाच नाही, जातानाच जहाजावर पटकीनं गेला.
सुभेदार म्हणाले, लिहायचा.

असे आठ झाले.
राख एकाचीही वसनेत पडली नव्हती.

नवव्यावर तीन घरांनी हक्क सांगितला.
घार्ग्यांनी पितळी बटण आणलं,
चार पिढ्यांच्या पोरांच्या करदोट्यात ओवलेलं.
जैतूनबी मुलाणींनी कार्ड आणलं. पार पुसलेलं,
एवढंच लागतं: खुशाल आहे.
आणि बनसोड्यांचा पंडित लगामाची एक कडी घेऊन
चावडीच्या पायरीवरच उभा राहिला. म्हणाला,
आमचा आबा बंदुकीवर नव्हता, खेचरं हाकायला होता.
पण मेला तर मेलाच की तोही.

ग्रामसभेत ज्याची त्याची बाजू झाली.
आजवर ज्याला कुणी विचारलं नव्हतं
त्याच्यासाठी माणसं गळपट्टी धरायला उठली.
कुणी म्हणालं, चिठ्ठ्या टाका.
सुभेदारांनी टोपी उचलली आणि बाहेर पडले.
त्या पौषात ते गेले. वही माझ्याकडे आली.
नवव्या पानावर तीन नावं आहेत, तिन्ही पेन्सिलीनं,
एकही खोडलेलं नाही.

धोत्रे नवी फरशी घेऊन आले. आठ नावं कोरली.
छिन्नी धरून विचारलं, पुढं काय?
सरपंच पंख्याकडे बघत राहिले.
मी चहा द्यायला गेले होते.
मी म्हणाले, जागा ठेवा.

अक्षराला पंधरा रुपये ठरले होते.
बिलात कोऱ्या ओळीचेही लावलेले बघून सरपंच तडकले.
धोत्रे म्हणाले, कोरलं की कोरलं.
कोरं ठेवायचं तर घासावं लागतं.

आता दोन दगड धुते.
नाव असेल तिथं पाणी थांबतं,
धोंडीच्या धमध्ये, गणूच्या उकारात
दुपारपर्यंत ओल असते.
नववी ओळ लगेच वाळते.
तांब्यात उरलेलं पाणी मी तिथं पुन्हा मारते.